शाईवर एक, कागदावर एक

ऑफिसात तिला चाळणी म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं आणि त्याचा तिला रागही नव्हता. सतरा वर्षं एकच काम केलं की माणसाला त्या कामाचंच नाव पडतं. दुसऱ्यांनी बनवलेली वेबसाइट लोकांपर्यंत जाण्याआधी हिने ती वापरून बघायची, प्रत्येक बटण दाबायचं, प्रत्येक रकान्यात काहीतरी वाकडंतिकडं लिहायचं आणि जिथे मोडेल तिथे बोट ठेवायचं. प्रोग्रामर मंडळींना आपलं बाळ गोंडस वाटत असतं आणि ही बाई येऊन त्याचं वाहणारं नाक दाखवते; तेव्हा तिच्यावर जीव टाकणारी माणसं तिथे फारशी नव्हती. जेवायला मात्र ती सगळ्यांबरोबर बसे.

कंपनी तिसऱ्या मजल्यावर होती. दोन खोल्या, एकीत एसीने हुडहुडी भरायची, दुसरीतला एसी कधीच चालला नव्हता. कंपनीचं मोठं काम एकच. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना घरून दवाखान्यात नेणाऱ्या आणि परत आणून सोडणाऱ्या गाड्यांची एक संस्था होती. त्या गाडीची फेरी घरबसल्या ब्राउझरमधून ठरवता यावी म्हणून जी वेबसाइट होती, ती या दोन खोल्यांत बनायची. तारीख निवडायची, वेळ निवडायची, ‘नक्की करा’ दाबायचं, की गाडी दारात. निदान तसं ठरलेलं होतं.

चाळणीच्या यादीत चारशे बारा चाचण्या होत्या आणि त्या यादीची एक गंमत होती. बाकीचे लोक चाचणीला ‘फॉर्म सतरा, भाग ब’ असलं रुक्ष नाव देतात. हिने नातेवाईक बसवले होते. ‘भावोजी’ म्हणजे काहीही न वाचता सगळ्यांत मोठं बटण दाबणारा माणूस. ‘काकू’ म्हणजे अर्धा फॉर्म भरून गॅसवरचं दूध बघायला उठणारी आणि पंचवीस मिनिटांनी येऊन तिथूनच पुढे सुरू करणारी. ‘मोठी वहिनी’ भरलेलं पुसायची, मागे जायची, पुढे यायची आणि शेवटी पहिलंच उत्तर ठेवायची. नवीन आलेला माणूस मीटिंगमध्ये ‘काल काकू दोनदा पडल्या’ हे ऐकून दचकायचा आणि विचारायचा, फार लागलं का. आणि ‘आत्या’ म्हणजे प्रत्येक बटण दोनदा दाबणारी.

यांतले बहुतेक जण रचलेले होते. आत्या खरी होती. चाळणीच्या वडिलांची थोरली बहीण, वय सत्त्याहत्तर. दोघी एकत्रच राहायच्या, गेली वीस वर्षं या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात. आई-वडील लवकर गेल्यावर चाळणीला हिनेच वाढवलं होतं आणि बोलून दाखवायचा हक्क असूनही ते तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं.

एका सोमवारी प्रमुखाने चाळणीला बोलावलं. प्रमुख तिच्याहून बारा वर्षांनी लहान. त्याच्या टेबलावर पाण्याची एक बाटली असे, तिच्यावर नऊ, अकरा, एक, तीन अशा रेघा छापलेल्या, आणि तो त्या त्या वाजता त्या त्या रेघेपर्यंत पाणी पीत असे. वाईट माणूस नव्हता. त्याने सांगितलं की हाताने तपासणं आता बंद. बाजारात तीन टूलं आहेत जी स्वतः ब्राउझर उघडतात, स्वतः बटणं दाबतात, स्वतः निकाल सांगतात. तिन्ही तीन आठवडे वापरा, तुलना लिहा, एक निवडा. निवडलेल्या टूलमध्ये जी चाचणी बसेल ती राहील, जी बसणार नाही ती यादीतून जाईल. आणि नियम एकच, झोप नको.

इथे कुणाला वाटेल, यंत्र आलं आणि बाईच्या पोटावर पाय आला. तसं काही नव्हतं. यंत्र चालवायला तीच राहणार होती, आणि सतरा वर्षं माऊस दाबून तिच्या मनगटाला पट्टा लागला होता. यंत्राने दाबलं तर तिला ते हवंच होतं. प्रश्न होता तो यादीतून कोण वगळलं जाणार याचा.

टूलांची खरी नावं जिभेला गाठ मारणारी होती, म्हणून तिने तक्त्याच्या डोक्यावर थोरला, मधला, धाकटा असं लिहिलं. थोरला वयाने मोठा आणि वागायलाही तसाच. नवा-जुना कुठलाही ब्राउझर असो, त्याचं सगळ्यांशी जमायचं. पण त्याला प्रत्येक गोष्ट सांगावी लागे. बटण दिसेपर्यंत थांब असं सांगितलं नाही तर तो पान उघडायच्या आधीच दाबायला जायचा आणि तोंडघशी पडायचा. मधला देखणा. प्रत्येक पायरीचा फोटो काढून शेजारी मांडायचा, चूक कुठे झाली ते लहान मुलालाही कळावं. पण तो घर सोडायला तयार नसे. फेरीचा नकाशा दुसऱ्या टॅबमध्ये उघडला की त्याचे हातपाय गळायचे. धाकटा चपळ. बटण दिसतंय का, स्थिर आहे का, दाबता येतंय का हे तो न सांगता स्वतःच बघायचा आणि मगच दाबायचा. सगळी यादी संपवायला थोरल्याला जवळजवळ दोन तास लागत, मधल्याला एक, धाकट्याला एकवीस मिनिटं.

तिने एकेक नातेवाईक तिघांकडे पाठवून पाहिला. भावोजी तिघांकडेही आनंदाने गेले. काकूंसाठी पंचवीस मिनिटं वाट बघायचीही गरज नव्हती. मधला आणि धाकटा ब्राउझरचं घड्याळच पुढे सरकवत, थोरल्याला त्यासाठी चार ओळी जास्त लिहाव्या लागल्या. मोठी वहिनी मधल्याकडे एकदा रुसली, पण ते तिचं नेहमीचंच. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस चारशे अकरा नातेवाईक धाकट्याकडे सुखाने नांदत होते.

आत्या बसेना.

तिघांनाही एकापाठोपाठ दोनदा दाबायची आज्ञा ठाऊक होती. पण यंत्राचं दोनदा म्हणजे डोळ्याचं पातं लवायच्या आत दोन्ही. दोन्ही ठोके एकाच बटणावर पडत आणि पान ते एकच समजे. आत्या तशी दाबत नसे. ती एकदा दाबायची, बोट उचलायची, मग दुसऱ्यांदा दाबायची, आणि त्या मधल्या फटीत पान बदललेलं असायचं. ती फट यंत्राला शिकवायची तर एकच मार्ग होता. पहिल्या ठोक्यानंतर ‘इतका वेळ काहीही करू नकोस’ अशी ओळ लिहायची. या धंद्यात त्या ओळीला झोप म्हणतात.

झोपेवर प्रमुखाचा राग का, तेही सांगायला हवं. मागच्या एका कामात पोरांनी जिथे चाचणी अडेल तिथे तीन सेकंद झोप, पाच सेकंद झोप अशा नऊशे झोपा घातल्या होत्या. सकाळी लावलेली चाचणी दुपारच्या जेवणानंतर जागी व्हायची. तेव्हापासून तो म्हणायचा की झोप म्हणजे आपल्याला कळलं नाही याची कबुली. एकाला परवानगी दिली की उद्या सगळे घोरणार. त्याने आत्यासाठी दुसरी युक्ती सुचवली: पानावर ‘नक्की झाली’ असं दिसेपर्यंत थांबवा आणि मग त्याच जागी दुसरा ठोका मारा. चाळणीने सांगितलं की पान तयार होईपर्यंत थांबणारा माणूस म्हणजे आत्या नव्हे. पान उद्या हळू झालं किंवा भराभर झालं तरी आत्या आपल्याच वेळेने दाबणार. टूल पानाची वेळ पाळतं. माणूस स्वतःची पाळतो.

प्रमुखाने विचारलं, ती फट केवढी. ती म्हणाली, साधारण सातशे मिलीसेकंद, म्हणजे पाऊण सेकंदाला थोडी कमी.

“हा आकडा कुठून आणला, ताई?”

तिने अंदाजे म्हणून सांगितलं. त्याने अंदाज लिहून घेतला नाही. मोजून आणा आणि ही चाचणी मुळात का आली तेही लिहून आणा, म्हणाला. नाहीतर आत्याला निरोप द्यावा लागेल.

चाचणी का आली ते चाळणीने एक वर्ष पोटात ठेवलं होतं.

आत्याच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज होती. महिन्याला एक इंजेक्शन घ्यावं लागे आणि ते चुकलं तर नजर उतरे, उतरलेली परत येईलच असं नसे. गाडीची फेरी आत्या स्वतः ठरवायची. त्यात तिला कुणी हात लावलेला चालत नसे. गेल्या वर्षी एका महिन्यात तिने अशीच फेरी ठरवली, फोनवर ‘आपली फेरी नक्की झाली आहे’ असा मेसेजही आला. ठरल्या दिवशी नऊ वाजल्यापासून ती खाली फाटकापाशी हातात पिशवी धरून उभी होती. अकरापर्यंत उभी होती. गाडी आली नाही. इंजेक्शन बारा दिवस लांबलं आणि त्या बारा दिवसांत डाव्या डोळ्याला दिसणारी, डॉक्टरांच्या अक्षरांच्या तक्त्यावरची एक ओळ गेली ती गेलीच.

आत्या रडली-बिडली नाही. तिने तीन पानी तक्रार लिहिली, सुवाच्य अक्षरात, समास सोडून, ड्रायव्हरविरुद्ध. सोबत मेसेजची प्रत जोडली. ड्रायव्हर म्हणाला की आपल्या यादीतून ही फेरी आधीच गेली होती. पण मेसेज समोर होता, म्हणून संस्थेने ती सबब समजली, त्याच्या नावापुढे हलगर्जी असा शेरा मारला आणि त्याला गावाबाहेरच्या लांबच्या फेरीवर टाकलं. तसं पत्र आत्याला आलं. तिला बारीक अक्षर लागत नव्हतं म्हणून चाळणीने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

वाचताना चाळणीला खरं काय ते ठाऊक होतं. गाडी चुकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने ऑफिसात लॉग, म्हणजे वेबसाइटवर कुणी केव्हा काय दाबलं त्याची आपोआप होणारी नोंद, उघडून पाहिला होता. दहा बेचाळीस आणि सात सेकंद: फेरी नक्की. दहा बेचाळीस आणि आठ सेकंद: फेरी रद्द. दोन्ही आत्याच्याच कॉम्प्युटरवरून. पानाची रचना अशी होती की ‘नक्की करा’ दाबलं की ते बटण जायचं आणि नेमक्या त्याच जागी ‘रद्द करा’ उगवायचं. आत्याचा पहिला ठोका पहिल्यावर पडला, दुसरा दुसऱ्यावर. रद्द केल्याचा मेसेज जात नसे, कारण ज्याने स्वतः रद्द केलं त्याला काय कळवायचं, असं कुणीतरी कधीतरी ठरवलं होतं.

तिने ती चूक नोंदवली, बटणाची जागा बदलायला लावली आणि ती परत येऊ नये म्हणून यादीत ‘आत्या’ घातली. नोंदीत लिहिलं, ‘वापरणारी व्यक्ती दोनदा दाबते.’ कोण व्यक्ती, ते लिहिलं नाही. तक्रार गाड्यांच्या संस्थेत, लॉग हिच्या कंपनीत. दोन्ही एकत्र बघणारी ती एकटी होती आणि ती मूग गिळून बसली. डोळ्याची ओळ गेलेल्या बाईला, ती तुझ्याच बोटाने गेली, हे कोणत्या तोंडाने सांगायचं, असं तिने स्वतःला समजावलं. ड्रायव्हरचा विचार आला की ती दुसरं काहीतरी काम काढायची. त्याच्याबद्दल तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाजेवर तिचा उपाय काम हाच होता.

आता मोजायचं तर आत्याला बसवायला हवं होतं. रविवारी दुपारी चाळणीने घरी लॅपटॉप उघडला, ठोक्यांची वेळ टिपणारा छोटासा कोड लिहिला आणि आत्याला म्हणाली, ऑफिसचं काम आहे, वीस वेळा फेरी ठरव. आत्या खूश झाली. पदर खोचून, पाठ ताठ करून खुर्चीत बसली. ती एकतीस वर्षं पोस्टात होती आणि खिडकीवर बसण्याची तिची रीत अजून गेली नव्हती.

आकडे छान येत होते. सहाशे ऐंशी, सातशे दहा, सातशे चाळीस, पुन्हा सातशे दहा. घड्याळ लावून दाबावं इतके एकमेकांजवळ. चाळणीने सहज विचारलं की तू दोनदा का दाबतेस.

“दोनदा कुठे? एकदाच दाबते.” मग आत्याने आपल्या हाताकडे पाहिलं, आणखी एकदा दाबून पाहिलं आणि हसली. “अगं, शिक्का. पहिला शाईवर, दुसरा कागदावर. पहिला काही मोजायचा नसतो.”

एकतीस वर्षं, दिवसाला हजारभर पाकिटं. पॅडवर एक, पाकिटावर एक. चाळणीने हे वहीत लिहून घेतलं आणि तिला फार बरं वाटलं, कोडं सुटल्याचं बरं वाटतं तसं. त्या भरात ती एक गोष्ट विसरली. मोजायला तिने पानाची जुनी आवृत्ती लावली होती, बटणाची जागा बदलण्याआधीची, कारण दुसरा ठोका कुठे पडतो ते तिथेच दिसायचं. सतरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या बाईच्या डोक्यात हे आलं नाही की आत्या स्क्रीन वाचेल. चाचणीतली आत्या वाचत नसे. ती फक्त दाबायची.

चौदाव्या वेळी आत्याने टेबलावरचं भिंग उचललं आणि उजवा डोळा स्क्रीनजवळ नेला. फेरी रद्द झाली आहे, असं तिने अक्षर अक्षर लावत वाचलं. मग विचारलं की मी नक्की केली तर रद्द कुणी केली. चाळणी म्हणाली, हे जुनं पान आहे, त्याचं मनावर घेऊ नकोस. आत्याने ते ऐकलं नसावं. तिने भिंग खाली ठेवलं नाही. पुन्हा एकदा दाबलं, या वेळी हळू, दोन्ही ठोक्यांमध्ये काय होतंय ते बघत.

“म्हणजे तो माणूस खरं बोलत होता,” ती म्हणाली.

“हो.”

“तुला कधीपासून ठाऊक आहे?”

“दुसऱ्या दिवसापासून.”

आत्याने भिंग रुमालात गुंडाळलं, डबीत ठेवलं. डोळ्याचं नाव तिने काढलं नाही. ती उठली, आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि तिथे थांबून म्हणाली, “ते पत्र मला तूच वाचून दाखवलंस.”

त्यानंतर दीड दिवस ती बोलली नाही. जेवण वाढत होती, दिवे लावत होती, चाळणीच्या मनगटाचा पट्टा धुऊन वाळत घालत होती, पण शब्द नाही. ती रागावून दोन शब्द बोलली असती तर चाळणीला परवडलं असतं. लहानपणी पट्टीने मारलेलंही परवडायचं.

मंगळवारी सकाळी आत्याने रेघांचे कागद मागितले. पोस्टात शिक्का चुकीच्या जागी पडला की काय करत, ते तिने सांगितलं. खोडायचं नाही, खरवडायचं नाही. शेजारी ‘चुकून पडला’ असं लिहायचं, सही करायची, तारीख घालायची. तिने संस्थेला एक पान लिहिलं. तक्रार माझी चूक होती, फेरी माझ्या हातून रद्द झाली, माणसाचा शेरा काढावा. आता अक्षर ओळीवर राहत नव्हतं. लिहून झाल्यावर पान चाळणीपुढे सरकवलं आणि म्हणाली की हे नुसतं पाठवलं तर म्हातारीला दया आली असं समजतील. पुरावा तुझ्याकडे आहे.

पुरावा म्हणजे तो लॉग. तो कंपनीचा होता. तो बाहेर जायला एकच वाट होती, चाळणी लिहीत असलेला अहवाल. टूलांची तुलना गाड्यांच्या संस्थेलाही दाखवायची, असं आधीच ठरलेलं होतं.

चाळणीने अहवाल पूर्ण केला. थोरल्याचे गुण लिहिले, मधल्याचे लिहिले, धाकट्याची शिफारस केली. वेग, ब्राउझर, टॅब, विनाकारण पडलेल्या चाचण्या, शिकायला लागणारा वेळ, सगळ्यांचे आकडे दिले. आणि ‘आत्या’ या चाचणीखाली एक परिच्छेद लिहिला. तारीख, दहा बेचाळीस सात, दहा बेचाळीस आठ. पानाची चूक कोणती. रद्दचा मेसेज का गेला नाही. दोष कुणावर आला. तो ड्रायव्हर खरं बोलत होता. चाचणी लिहिणाऱ्या व्यक्तीला हे दुसऱ्या दिवसापासून ठाऊक होतं आणि तिने कळवलं नाही. खाली तिचं नाव. आत्याचं पान तिने स्कॅन करून शेवटी जोडलं.

प्रमुखाने तो परिच्छेद तीनदा वाचला. मग दार लावून घेतलं. त्याचं म्हणणं सरळ होतं: हे बाहेर गेलं तर संस्था विचारेल की अजून काय काय दडवलंय, कंपनी लहान आहे, वर्ष उलटून गेलं, कुणी मेलेलं नाही. तो आवाज चढवून बोलला नाही. त्याला खरंच काळजी होती.

“असं करू, ताई. हा परिच्छेद काढा. आत्याला मी एक झोप मंजूर करतो. चारशे बारात एक, मी डोळ्याआड करीन.”

तीन आठवडे तिला जे हवं होतं तेच तो देत होता. चाळणी टेबलावरच्या बाटलीकडे बघत राहिली. पाणी अकराच्या रेघेवर होतं.

“परिच्छेद राहू द्या,” ती म्हणाली.

“मग आत्या यादीतून जाईल.”

“जाऊ द्या. माझी आत्या घरी आहे.”

ती जागेवर येऊन बसली. ती घाबरली होती. हे काम गेलं तर सेहेचाळिसाव्या वर्षी नवं कुठे शोधायचं हेही डोक्यात येऊन गेलं. पण वर्षभर दडवलेलं बाहेर आलं होतं, आणि त्या बदल्यात भीती चालेल असं तिला वाटलं. दोन दिवस प्रमुख तिच्याशी कामापुरतं बोलला. तिसऱ्या दिवशी अहवाल संस्थेला गेल्याची प्रत तिच्या मेलमध्ये आली. परिच्छेद होता, जसाच्या तसा. त्याखाली प्रमुखाने स्वतःची एक ओळ घातली होती: या चाचणीत सातशे मिलीसेकंदांची झोप अपवाद म्हणून मंजूर. त्याने तसं का केलं ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. दुपारी जेवताना त्याने तिच्याकडे लोणचं मागितलं, तेवढंच.

धाकटा कामाला लागला. रोज सकाळी सव्वासहाला, ऑफिसात कुणी नसताना, तो चारशे बारा नातेवाईक एकवीस मिनिटांत आणि वर पाऊण सेकंदात फिरवून आणायचा. आत्याच्या झोपेच्या ओळीशेजारी चाळणीने कारण लिहिलं होतं: पहिला शाईवर, दुसरा कागदावर. नवीन पोरांना त्याचा अर्थ लागायचा नाही, पण ती ओळ खोडायची हिंमत कुणी केली नाही.

महिन्याभराने संस्थेचं पत्र आलं. शेरा काढला होता आणि ड्रायव्हरला जुनी फेरी परत देऊ केली होती. हे पत्रही चाळणीनेच वाचलं. आत्याने ते हातात घेतलं, घडी घातली आणि मागच्या वर्षीच्या पत्राशेजारी ठेवलं.

पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी गाडी आली ती त्याचीच. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. त्याने दार उघडलं, पायरी खाली सोडली, आत्याचा दंड धरून तिला वर बसवलं, पट्टा लावला. सगळं नीट आणि एकही शब्द न बोलता. चाळणी मागच्या बाकावर बसली. गाडी कोपऱ्यावर वळली. मग आत्या म्हणाली की हात माझा होता, चूक माझी होती. तिने ते पाठ केलं असावं. चाळणी मागून म्हणाली की चूक पानाची होती आणि गप्प मी बसले. त्याने आरशात दोघींकडे एकदा पाहिलं.

“मी तेव्हाच सांगितलं होतं, आजी. तीन वेळा सांगितलं. कुणी ऐकून घेतलं नाही.”

“मी ऐकते,” आत्या म्हणाली. “सांगा.”

आणि त्याने सांगितलं. दवाखाना येईपर्यंत, सिग्नलला थांबून, पुन्हा सुरू करून, तो सांगत होता. यादी कशी दाखवली, साहेब कसे हसले, लांबच्या फेरीला पहाटे साडेचारला कसं निघावं लागे, घरी बायको काय म्हणाली, मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला कसं जाता आलं नाही. त्याचा सूर गोड नव्हता आणि तो गोड करायचा त्याने प्रयत्नही केला नाही. आत्या पुढे झुकून, कान त्याच्याकडे करून ऐकत होती. मध्ये एकदाही ती ‘हो, पण’ म्हणाली नाही. उतरताना त्याने पुन्हा दंड धरला आणि तो म्हणाला, परतीला दीड वाजता इथेच उभा असेन.

दवाखान्यात आत गेल्यावर नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र होतं. एक हिरवं बटण, बोट टेकण्याएवढं. एरवी आत्या ते दोनदा दाबायची, दोन चिठ्ठ्या निघायच्या आणि दुसरी चाळणी मागच्या माणसाला द्यायची. आज आत्याने बोट ठेवलं, दाबलं. चिठ्ठी बाहेर आली. बोट वर उठलं.

चाळणीने सवयीने मोजलं. सातशे झाले, आठशे झाले, पुरा सेकंद गेला. मागे रांग होती आणि कुणीतरी खाकरलं. आत्याचं बोट बटणावर अधांतरी तसंच होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती. मग तिने दुसऱ्या हाताने ते धरलं आणि खाली घेतलं.

“झालं ना गं?” तिने विचारलं.

“झालं,” चाळणी म्हणाली.

आत्याचा विश्वास बसला नाही. बाकावर बसल्यावर तिने चिठ्ठी भिंगाखाली धरून पुन्हा पुन्हा वाचली, आणि चाळणीला पहिल्यांदाच असं वाटलं की आत्या आता फक्त सकाळी सव्वासहाला, रिकाम्या ऑफिसात, पूर्वीसारखी दाबते.